पाकाने चिकटवलेल्या गाठी

शुरी गावच्या चढावरच्या मिठाईवाल्या चिनेन नोबुकोबाईंच्या हाताला आजवर कोणी नावं ठेवली नाहीत, आणि ठेवली असती तर बाईंनी ऐकून घेतलं नसतं. साखरपुड्याला मुलाकडचे मुलीच्या घरी मात्सुकाझे नेतात, म्हणजे गाठ मारलेली मिठाई, नातंही तसंच बांधलेलं राहावं म्हणून. तिळाची गुलाबी पट्टी भट्टीतून निघाली की चार श्वासांत तिची गाठ मारायची. बोटं भाजतात, पण पट्टी गार झाली की तिचे तुकडेच होतात. सत्तरी उलटली तरी बाई गप्पा मारत गाठी मारतात.

गेल्या वसंतात बस चालवणारा तामोत्सु दुकानात आला. बाईंच्या लेकीशी, साचिएशी, त्याचं ठरलं होतं. तिचं हे दुसरं लग्न.

"काकू, गाठी तुमच्याच हातच्या हव्यात," तो म्हणाला.

"दुसरीकडून आण," साचिए आतून बाहेर येत म्हणाली. "मागच्या सासरच्यांनीही आईकडूनच नेल्या होत्या. चार वर्षं टिकल्या."

तामोत्सु बुटांकडे बघू लागला. बाईंनी हात पुसले.

"चार वर्षं कसली? संध्याकाळच्या आत तडकल्या त्या. पोरीचं लग्न म्हणून मी जास्तच आवळल्या. आवळलेली पट्टी गार होताना तडकते, हे शिकाऊ पोरीलाही कळतं. मग पाकाने चिकटवल्या आणि चिरा खाली करून रचून दिल्या."

"आणि वीस वर्षं तोंड उघडलं नाहीस?"

"दुकानाचं नाव गेलं असतं."

"फक्त नावासाठी?"

"नाही गं." बाईंचा आवाज पहिल्यांदाच उतरला. "तू बॅग घेऊन परत आलीस ना, तेव्हा वाटलं, हे मीच केलं. अजून वाटतं."

बाईंना इतकी वर्षं हे एकटीनं सोसावं लागलं, याचं साचिएला वाईट वाटलं, आणि रागही आला. तिनं भट्टी पेटवली.

"बांध. माझ्यासमोर."

पट्टी निघाली. बाईंनी चार श्वासांत तिची गाठ मारली. गाठ इतकी सैल पडली की आत करंगळी जावी.

"एवढी सैल?"

"एवढीच. पन्नास वर्षं करतेय, मला शिकवू नकोस."

गाठ गार होईपर्यंत तिघं उभी राहिली. मग साचिएनं ती उचलली आणि आधी उलटी करून पाहिली. खालून अखंड होती.

"बाकीच्याही तूच बांध," ती म्हणाली.