घर कुणाच्या शेजारी?

अनोळखी फोन आला की आप्पा आधी चष्मा लावायचे. ऐकायला चष्मा कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "समोरचा नीट दिसला पायजे." मग ठरलेले दोन प्रश्न. "गाव कुठलं?" आणि लगेच, "तिथं घर कुणाच्या शेजारी?" लॉटरी लागल्याची बातमी देणारे साहेब दुसऱ्या प्रश्नाला फोन ठेवून द्यायचे.

दौंडला आमची दारं समोरासमोर. कुरकुंभच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि घरीच टायपिंगची कामं सुरू केली. दोन बोटांनी टाइप करत, पण एन्टर असा हाणत की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आजोळ कासुर्डीचं, हे अर्ज लिहून घ्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगत. त्या गावचा कुणी निघाला तर चहा झाल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

ईमेललाही तेच. परदेशातल्या कुणा विधवेला आपली इस्टेट त्यांच्या नावावर करायची होती. आप्पांनी रीतसर उत्तर पाठवलं: ताई, आपलं माहेर कोणतं, शेजारी कोण? उत्तर आलं नाही. "माहेर सांगंना ती बाई," ते मला गंभीरपणे म्हणाले. मी हसून हसून बेजार.

त्यांचं बघून मीही जुना कॉम्प्युटर घेतला. मुलगी लहान, बाहेर नोकरी शक्य नव्हती, आणि स्वतःच्या कमाईची मला भारी हौस. नवरा म्हणाला होता, "नसते उद्योग." म्हणून जास्तच हौस. घरबसल्या डेटा एन्ट्रीची जाहिरात दिसली तेव्हा आप्पांना मुद्दाम विचारलं नाही. ते गाव विचारत बसतील आणि काम हातचं जाईल, एवढी मी शहाणी. स्टँप पेपरवर सही करून पाठवली, सीडी आली, पंधरा दिवस मान मोडून टाइप केलं. पैशांऐवजी वकिलाची नोटीस आली. चुका फार, करार मोडला, भरपाई भरा, नाहीतर कोर्ट.

घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आईनं दिलेल्या बांगड्या रुमालात बांधून सोनाराकडं निघाले, तर दारातच आप्पा.

"एवढ्या उन्हात कुठं, पोरी?"

मी तिथंच रडायला लागले. त्यांनी चष्मा लावून नोटीस वाचली. वाचून कागद उंबऱ्यावर आपटला. मला वाटलं, माझ्यावर चिडले.

"बांगड्या घाल आधी," ते म्हणाले. "एक रुपाया भरायचा न्हाई. फोन आला तर मला हाक मार."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते नोटिशीवरच्या पत्त्यावर पुण्याला गेले. गुडघे दुखत होते तरी गेले. संध्याकाळी परत आले ते थेट माझ्या दारात.

"वकील न्हाई तिथं. खाली रसवंती हाय आन् वर कुलूप. रसवंतीवाला म्हणला, असा कागद घेऊन येणारे तुम्ही पयले न्हाई."

मग धमक्यांचे फोन आले. प्रत्येक वेळी आप्पा धावत येऊन रिसीव्हर घेत. "कोर्टात जा, मी येतो तिथं. पर आधी सांग, गाव कुठलं? घर कुणाच्या शेजारी?" असे ओरडत की गल्ली गोळा होई. आठवड्याभरात फोन थांबले. बांगड्या हातातच राहिल्या, टायपिंगचं कामही पुढं चाललं. एका नजरेत कसं ओळखलंत, असं मी विचारलं, तर म्हणाले, "वय झालं की कळतं." आणि विषय बदलला.

आप्पा गेले त्या वर्षी त्यांच्या सुनेनं टायपिंगच्या फायली मला आणून दिल्या. गिऱ्हाइकांची कागदपत्रं वेगळी काढताना तळाशी एक नोटीस सापडली. तोच वकील, तोच पत्ता, तोच मजकूर. नाव आप्पांचं, तारीख माझ्या नोटिशीच्या दोन वर्षं आधीची. सोबत भरपाई भरल्याची पावती टाचलेली. म्हातारा एकटाच सोसून बसला होता, आणि समोरच्या दारात राहून मला पत्ता नव्हता. फार वाईट वाटलं.

समासात पेन्सिलीनं, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'फोनवर कासुर्डीचाच म्हणाला. मामाच्या गावचा, म्हणून भरवसा ठेवला. घर कुणाच्या शेजारी, ते विचारायचं राहिलं.'