नळीपुढचा नारळ
दिवाळीत सुतळी बॉम्बचा वास आला की मला आष्टीकडचा दुष्काळ आठवतो. सहकारी पाणीसंस्थेच्या विहिरीवर मी वायरमन होतो. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज वितळला, तेव्हा चेअरमन म्हणाले, "जाड तार बांध बे, लोकं तहानलेत." मी भांडून नळीत फ्यूजची बारीक तारच घातली, जादा करंट आला की आधी वितळून डीपी वाचवणारी. दुपारी वावटळीनं मोटरीकडच्या तारा एकमेकींना भिडल्या आणि खांबावर बंदुकीसारखा बार झाला. "जळाली डीपी!" म्हणत चेअरमन डोकं धरून बसले. पण बार फ्यूजचा होता; तार वितळताच नळीचं अस्तर जळून सुटलेल्या वायूच्या झोतानं आतला जाळ फुंकून विझवला होता. डीपी शाबूत होती. लाइन बंद करून मी तारा सोडवल्या, नवी नळी चढवली, अन् हौदात पाणी कोसळलं. चेअरमननी नारळ उचलला. "मोटरीपुढं फोडू का?" "न्हाई, या जळक्या नळीपुढं!" मी ओरडलो. आजही बार झाला की घरचे कान झाकतात. मला मात्र हौद भरताना ऐकू येतो.