अक्काचा राब

माघात एका सकाळी भाच्याचा फोन आला. "मामी, आय गेली..." महाडमधलं माझं औषधांचं दुकान बंद केलं आणि निघाले. रडणं मला जमत नाही. पोचल्यावर आधी लाकडांची सोय झाली का ते विचारलं.

अक्का माझी थोरली नणंद. वरंधजवळ तिची भातशेती. कुणी सहज काही बोललं तरी ती ते तपासून घ्यायची. एका लग्नात व्याही म्हणाले, संसार म्हणजे रथाची दोन चाकं. अक्का म्हणाली, "रथ कुनी बघितलाय? बैलगाडी म्हना. दोन बैल, नि दोघंबी दमल्यालं."

कॅन्सर निघाला तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही लढाई आहे, हिमतीनं लढायचं. तिनं विचारलं, "तुमी कदी लढाईला गेलता?" ते हसून नाही म्हणाले. "मंग ऱ्हाऊ द्या. नि लढू कुनाशी, माज्याच अंगाशी?" औषध न घेताच ती घरी आली. भाचा रडकुंडीला आला. मी तिला सरळ सांगितलं, हे औषध वाइटाबरोबर चांगलंही जाळतं, पण मग नवं उगवायला जागा होते.  "म्हंजे राब भाजतो तसा," ती म्हणाली. पेरणीआधी रोपांच्या जागेवर शेण, पाला, कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या रचून इकडे जाळतात, तो राब. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ती मुंबईला निघाली.

गुण आला नाही. पुढच्या खेपेला तिनं नकारार्थी मान हलवली. "राब वरसातून एकदाच गो. सारखा भाजला तर मातीची वीट व्हते." मी चिडले. शरीर म्हणजे शेत नव्हे, दाखल्यावरून औषध थांबवतात का, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "तू कदी राब भाजलास?" डॉक्टरांनीही मग फार आग्रह धरला नाही...

परवा, फाल्गुनात, भाच्यानं तिच्या रोपांच्या जागेवर राब रचला. मी मदतीला गेले. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवला, हात झटकले आणि निघाले.

"मामी, बस," तो म्हणाला. "पेटवल्याला राब सोडून जायाचं नाय. इझंस्तवर कुनीतरी जवळ लागतं."

मुंबईत त्या औषधाचं सलाईन चालू असताना अक्का मला चहालासुद्धा उठू द्यायची नाही. मला वाटायचं, घाबरते.

मी बांधावर बसले. धूर संपायला संध्याकाळ झाली.