खिडकीतला लाल ठिपका

गेल्या वर्षी आप्पा वारले. दिवसकार्य झाल्यावर आईला मी जयनगरच्या घरातून शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरच्या माझ्या फ्लॅटवर आणलं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव वाचताना मी मनातल्या मनात त्यांची कारणं शोधत बसायचो... आता स्वतःच लिहायला बसलोय.

आप्पा हवाई दलात आर्मरर होते — विमानांच्या गनमध्ये गोळ्यांचे पट्टे भरायचे. साध्या गोळ्यांमध्ये अधूनमधून ट्रेसर असतो. तो जळत जातो, म्हणून वैमानिकाला नेम कळतो. काही देशांचे ट्रेसर हिरवे जळतात, आप्पांनी भरलेले लाल जळत. लहानपणी जेवताना ते मला सांगायचे, "रेघ दिसली तर भिऊ नको, ती बाजूनं चाललीय. ठिपका दिसला आणि तो हलत नसेल, तर तो तुझ्यावरच येतोय."

आईला यायचं नव्हतं. शेजारी अक्का आहेत, भाजीवाला दारात येतो, एकटी राहीन म्हणाली. मी ऐकलं नाही. घर विकायचंही परस्पर ठरवून टाकलं. ती आली, पण माझ्याशी बोलणं तिनं सोडलं. मी केलेला चहा तसाच निवून जायचा.

एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, तळ्याकडच्या खिडकीत लाल ठिपका दिसला. रिंग रोडवरच्या गाड्या हलत होत्या, ढग सरकत होते... ठिपका जागच्या जागी. क्रेनचा दिवा आहे का, हे विचारायला सिक्युरिटीच्या अण्णांना वर बोलावलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"एनू इल्ला, सार." काहीच नाही म्हणाले.

मला मात्र दिसत होता. रोज थोडा मोठा. दुसऱ्या खोलीत गेलो तर तिथल्या खिडकीत, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. पडदा ओढला तरी तो कापडातून दिसायचा. आप्पांची माया त्यात मला कुठेच जाणवली नाही. कुणीतरी माझ्यावर नेम धरला होता.

शेवटी आईला विचारलं, तुला काही दिसतं का. ती उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"लाल आहे की."

"आई, ते माझ्यावर येतंय."

"हो. तुझ्या आप्पांचं आहे ते." मग तिनं कपाटातून पिशवी काढली. "मला घरी सोड. उद्या नको, आत्ता."

ट्रॅफिकमधून तिला जयनगरला सोडलं. परत आलो तेव्हा खिडकीत काही नव्हतं. डोळे तपासून घेतले, ठीक आहेत. बाकीचं काय समजायचं, मला अजून कळलेलं नाही.

घर विकलेलं नाही. आई तिथे एकटी राहते. मी रविवारी जातो. ती दार उघडते, बोलत नाही.