शिट्टीनानांचा टर्बो

ही हकीकत सांगायची मी नऊ वर्षं टाळत आलो. इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत आजही टर्बोचा विषय निघाला की लोक हसून म्हणतात, "शिट्टीनानांचं गणित चुकलं होतं." त्या हसण्यात मीही सामील झालो आहे. आता मला चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. निदान लिहून तरी खरं सांगावं.

नाना मोटरसायकलचे मिस्तरी. त्यांची गणितं गॅरेजच्या शटरवर असायची, आतल्या बाजूला, खडूने लिहिलेली. दिवसभर शटर वर गुंडाळलेलं, त्यामुळे कामाच्या वेळी गणित दिसायचंच नाही. काही अडलं की नाना शटर अर्धं खाली ओढायचे आणि स्टुलावर बसून वाचायचे. दुकान बंद झालं असं समजून गिऱ्हाइकं परत फिरायची. मी एकदा म्हटलं, "नाना, एक वही घ्या." तर म्हणाले, "वही हरवती साहेब. शटर कुठं जातंय?"

मला ते 'ओके साहेब' म्हणत. अंबडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. मापात बसलेल्या पार्टवर ओकेचा शिक्का मारायचा, हेच काम. रिटायर झाल्यावर सकाळचा वेळ नानांकडे जाऊ लागला. मी लांबून दिसलो की आवाज यायचा, "या ओके साहेब! आधी चहा पास करा, मग आम्ही पितो."

मूळचे ते चांदवडचे. शिक्षणाचं कुणी विचारण्याआधी स्वतःच सांगून टाकायचे, "दहावी नापास. एकदा नाय, दोनदा. पक्का माल हाय."

एकदा त्यांनी भंगारातून एका छोट्या डिझेल गाडीचा टर्बो आणला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्याचा पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. तो आपल्या जुन्या साडेतीनशे सीसीच्या मोटरसायकलला बसवायचा, असं त्यांच्या मनाने घेतलं. पण मोटारीला चार सिलिंडर, इथे एकच. "एक सिलिंडर म्हंजे दम लागलेला माणूस," नाना म्हणाले. "एकदा फुंकतो नि थांबतो. मधे हवा साठवायला टाकी पायजे." टाकी म्हणून त्यांनी घरातला पाच लिटरचा कुकर उचलला आणि त्याला दोन नळ्या बसवल्या. वहिनी गॅरेजवर आल्या. "अहो, आमच्या डाळीनं तुमचं काय घोडं मारलंय?" नाना मान वर न करता म्हणाले, "हवा शिजवतोय गं. झाली की देतो."

तीन-चार महिने खटपट चालली. सिलिंडरखाली जाड पॅकिंग घालून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, उतरवलं, पेट्रोलला वेगळा पंप लावला. एका सकाळी गाडी सुरू झाली आणि बारीक, चढत जाणारी शिट्टी ऐकू आली. शिट्टी टर्बोची की कुकरची, यावर गल्लीत दोन तट पडले आणि नानांचे शिट्टीनाना झाले. मला मागे बसवून ते पाथर्डी फाट्याकडे निघाले. मूठ पिळल्याबरोबर माझी टोपी उडाली. नाना ओरडले, "टोपी रिजेक्ट!" त्या वयात मी इतका कधी हसलो नव्हतो.

बातमी एका इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत गेली. तिथल्या वर्कशॉपचे प्रमुख रविवारी गाडी बघायला येणार होते. पसंत पडली तर नानांनी आठवड्यातून दोन दिवस मुलांना शिकवायचं, असं ठरत होतं. त्या रविवारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. "साहेब, दोनदा नापास माणूस कॉलेजात जायचा हाय," असं तीनदा म्हणाले.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तो नुसत्या ऑइलच्या थरावर. ते ऑइल बोटाएवढ्या नळीतून यायचं, आणि नळीच्या तोंडाशी सुईएवढं भोक. नानांनी बजावून ठेवलं होतं, "जोडाला टेप लावायची नाय. थेंब गळू दे. भाईर गळला तर दिसतो. टेपचा तुकडा आत गेला तर दिसत नाय."

त्या सकाळी नाना पाहुण्यांना आणायला कोपऱ्यापर्यंत गेले. जोडाखाली ऑइलचा एक थेंब लोंबत होता. तीस वर्षं गळती म्हणजे रिजेक्ट हेच मी मानत आलो होतो. पाहुण्यांना तो थेंब दिसू नये, एवढंच मनात होतं. मी जोड खोलला, नळाला लावतो ती पांढरी टेप गुंडाळली आणि पुन्हा आवळला. थेंब थांबला. मला बरं वाटलं.

पाहुणे आले, गल्ली गोळा झाली आणि नानांनी गाडी सुरू केली. शिट्टी चढली, मग किंचाळी झाली आणि एकदम बंद पडली. पांढरा धूर गल्लीभर. प्रमुख म्हणाले, "कल्पना चांगली होती. पण असं अंदाजाने होत नसतं." मी तावातावाने म्हणालो, "अंदाज नाही साहेब, पूर्ण गणित आहे यांचं." ते गाडीत बसून निघून गेले.

दुपारी आम्ही टर्बो उतरवला. नाना दुसऱ्या बाजूचे बोल्ट काढत होते, ऑइलची नळी मी काढली. "साहेब, फुंकून बघा. वाट मोकळी हाय का?" मी फुंकलं. हवा गेली नाही. तार घातली तर टेपची पांढरी गोळी हातात आली. ती मी पँटच्या खिशात टाकली, पुन्हा फुंकलं आणि म्हणालो, "ओके आहे, नाना."

त्यानंतर कित्येक दिवस शटर अर्धं खाली असायचं. नाना आकडा पुसायचे, पुन्हा मांडायचे. शेवटी म्हणाले, "टाकीचं गणितच चुकलं माझं. धक्के बसून दांडा गेला." नळ्यांची भोकं पडलेला कुकर घरी गेला, आणि वहिनींनी त्यात कोरफड लावली. पुढे कुणी काही वेगळं काम घेऊन आलं की नाना मान हलवायचे. "दुसरीकडं बघा भाऊ. आपल्याला तेवढं नाय कळत." हे मी शेजारी बसून ऐकायचो.

गॅरेज बंद करून ते चांदवडला गेले. मागल्या वर्षी मी मुद्दाम भेटायला गेलो. दिवसभर त्यांनी मला कांद्याची चाळ दाखवली, विहिरीवरचं इंजिन दाखवलं, सुनेला सांगितलं, "हे ओके साहेब. यांना चहा पास झाल्याबिगर द्यायचा नाय." संध्याकाळी स्टँडवर सोडायला आले. बस लागली तेव्हा मी म्हणालो, "नाना, त्या ऑइलच्या नळीचं..."

"सोडा हो साहेब," त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "त्या दिवशी एवढ्या लोकांत तुम्ही एकटेच माझ्या बाजूनं बोलले. ते मी इसरलो नाय."

कंडक्टरने घंटी मारली आणि मी चढलो. दिवाळीनंतर नाना गेल्याचा फोन आला. त्यांना भेटायला चांदवडला जाताना सगळी वाट मी दोनच वाक्यं घोकली होती. नाना, गणित तुमचं बरोबर होतं. टेप मी लावली होती.