निळ्या अक्षरांखालचा पत्ता

माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. तरीही उल्हासनगरच्या सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून मी जे अर्ज लिहिले, त्यांतला एकही चुकीच्या खात्यात गेला नाही, हे येथे नमूद करतो. अर्जात काय मागायचे हा प्रश्न नंतरचा. तो कोणाच्या हातात पडणार, हा पहिला. एवढी साधी गोष्ट पदवीधरांना समजावण्यात माझे आयुष्य गेले. ती माझ्या घरातल्याच मुलीला समजली नाही, त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

थोरल्या भावाची ही मुलगी कात्रपला राहत असे. भावाचा कारखाना बंद पडलेला. सगळ्या घराचे डोळे तिच्याकडे. रक्त-लघवी तपासणीचा कोर्स पुरा करून तिने अंबरनाथ पूर्वेच्या एका खाजगी रुग्णालयात अर्ज केला होता. मुलाखतीचे बोलावणे ईमेलवर येणार होते. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या ज्या सायबर कॅफेत मी अर्ज टाइप करून घेई, तिथे ती येऊन बसे.

एका दुपारी तिने ईमेल उघडला. बोलावणे नव्हते. इंग्रजीत एक ताकीद होती: उद्यापर्यंत खात्याची खातरजमा करा, अन्यथा ते बंद करण्यात येईल. त्याखाली निळी, अधोरेखित अक्षरे: येथे क्लिक करा. तिने माउसचा बाण त्या अक्षरांवर नेला, तशी पडद्याच्या तळाशी त्या लिंकच्या पत्त्याची एक बारीक ओळ उमटली.

"थांब," मी म्हणालो. "हे जातं कुठे, ते आधी वाच."

"काका, ईमेलवाल्यांचंच आहे. सुरुवातीलाच नाव आहे की त्यांचं."

नाव होते, हे मी नाकारत नाही. परंतु त्यापुढे टिंब होते, मग भलतेच एक नाव, पुन्हा टिंब आणि कॉम, मग तिरकी रेघ. लिफाफ्यावर पहिल्या ओळीत कोणीही कोणाचेही नाव घालू शकतो; टपाल जाते ते शेवटच्या ओळीतल्या गावाला.

"रेघेच्या अगोदर, कॉमच्या आधीचं नाव बघ. ते कोणाचं?"

कॅफेचा सिंधी मालक गल्ल्यावरून हसला. "साईं, ये तहसीलदार का अर्जी नहीं है! इधर कोर्ट फी का तिकीट नाय लागत. दबा दो बेटी, मीटर चालू है."

आजूबाजूची पोरे खिदळली. पुतणी लाजेने लाल झाली.

"आणि उद्या खरंच बंद झालं तर? बोलावणं कुठे येईल, तुमच्या टेबलावर?"

तिने क्लिक केले. नेहमीसारखेच दिसणारे पान आले, त्याने नाव आणि पासवर्ड मागितला, तिने तो टाइप केला. "बघा, झालं का काही?" असे वर मलाच विचारले.

आठवडा संपण्यापूर्वी तिचे खाते तिला उघडेना. मालकाने खांदे उडवले: "नया बना लो." नवीन खाते निघाले, पण रुग्णालयाकडे पत्ता जुनाच होता. म्हणून आम्ही दोघे समक्ष अंबरनाथला गेलो.

नाव ऐकताच तिथल्या कारकुनाने मान वर केली. "अच्छा, त्या तुम्ही! तुमच्या ईमेलमधली लिंक उघडली आणि माझा कॉम्प्युटर दोन दिवस बंद. साहेब म्हणाले, असल्या मुलीला बोलावूच नका."

"सर, ते मी नाही पाठवलं. माझं खातं कोणीतरी घेतलंय."

"सगळे हेच सांगतात."

मला राहवले नाही. "क्लिक करण्यापूर्वी ती लिंक कुठे जाते, हे आपण पाहिलंत काय?"

"त्यात पाहायचं काय? ह्यांचंच नाव होतं ना वर!"

पुतणीने माझ्याकडे पाहिले नाही. मी तिथल्याच बाकावर बसून सविस्तर खुलासा लिहिला, तिची सही घेतली आणि पुढे केला. कारकून म्हणाला, "कागद नका देऊ. ईमेल करा."

त्यावर मी जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. वॉचमन आत आला. परंतु कागदावर आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय मी हललो नाही. स्टेशनपर्यंतच्या रिक्षात मी तिलाही बोलल्यावाचून सोडले नाही. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिले. ती बाहेर बघत बसली होती.

त्या जागी दुसरी मुलगी लागली. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच की, पुतणी आणि कारकून, दोघांनी एकच चूक केली. दोघांनी वरचे नाव वाचले, पुढचा पत्ता वाचला नाही. त्यांपैकी एक पंख्याखाली आपल्या खुर्चीवर कायम राहिला आणि दुसरीला दारातून परत पाठवण्यात आले. हा न्याय मला मान्य नाही. तसे मी रुग्णालयाच्या विश्वस्तांना रजिस्टर टपालाने कळवले. पोच आली, उत्तर आले नाही.