विबियाला मारलेली हाक

जुन्या रोमन काळातल्या कापुआ नगरात कुणाच्याही घरी मयत झालं की ऑपियाला बोलावणं यायचं. पैसे घेऊन परक्यांसाठी रडणं हा आईपासून चालत आलेला तिचा धंदा. केस मोकळे सोडून, ऊर बडवून ती असा टाहो फोडायची की मेलेल्याशी उभा दावा असलेल्यांचेही डोळे भरून यायचे.

त्या उन्हाळ्यात तापाची साथ आली. कुंभाराची सोळा वर्षांची विबिया गेली. उकाडा आणि साथ, म्हणून घरच्यांनी घाई केली. माणूस खरंच गेलं ना, याची खात्री करायला चितेपाशी ऑपियाने रीतीप्रमाणे तीनदा हाक मारली.

"विबिया! विबिया! विबिया!"

तिसऱ्या हाकेला चितेवरून आवाज आला. झोपेतल्या माणसाला हलवलं की ते कण्हतं, तसा.

ऑपियाने मान वळवून पाहिलं. विबियाच्या बापाने रीतीप्रमाणे तोंड फिरवून पलिता चितेकडे धरलेला. भाड्याने आणलेल्या बाईने ‘थांबा’ कुणाला म्हणायचं? तिची जीभ उचललीच नाही. बासऱ्या सुरू झाल्या, लाकडं तडतडली आणि सवयीने तिचा टाहो फुटला. त्या टाहोखाली मग काहीच ऐकू आलं नाही.

पुढे ती प्रत्येक प्रेताच्या तोंडाशी कान नेऊ लागली, नाकाशी पीस धरू लागली.

"काय गं, काही निरोप सांगतोय का म्हातारा?" लोक हसायचे.

पीस कधीच हललं नाही. घरी मात्र पाठीमागून कुणी हाक मारली, की ऑपिया वळायला धजत नसे.

चार वर्षांनी, द्राक्षं तुडवायच्या दिवसांत, भर दुपारी विबियाची आई नुमिसिया दारात येऊन बसली.

"ऑपिया, खोटं बोलू नकोस. तिसऱ्या हाकेला तिने ओ दिली ना?"

चार वर्षं घोकलेलं ‘नाही’ ऑपियाच्या ओठावर आलं नाही.

"हो गं बाई."

नुमिसिया रडली नाही. "मलाही ऐकू आलं. वाटलं, आईचे कान, भलतंच ऐकतात. म्हणून गप्प राहिले."

ऑपियाने तिच्यापुढे पाणी ठेवलं.

"त्याला मात्र सांगू नकोस," उठताना नुमिसिया म्हणाली. "पलिता त्याच्या हातात होता."

त्यानंतर ऑपियासोबत तीही मयतीला जाऊ लागली. ऑपिया प्रेतावर वाकली, की ही बासरीवाल्याचं मनगट धरून उभी राहायची. ऑपियाने मान वर केल्याशिवाय ती ते सोडत नसे.